वजा एक

ग्रिम्सबीला वारा समुद्रावरून येतो,
मासळीच्या गोदामांवरून येतो,
आणि शुक्रवारी पाचव्या तासाला
माझ्या वर्गात शिरतो, दप्तर न आणता, शर्ट बाहेर काढून.

स्टाफरूममध्ये याला कुणी हसत नाही.
फिजिक्सचा डंकन, ज्याचा कशावरच विश्वास नाही,
तोही खिडकीशी कप धरून म्हणतो,
आज वारा आहे, जपून.
मी मनात म्हणते, वारं प्यायलेली वासरं.
तिकडे नुसता वाक्प्रचार होता,
इथे तो वेळापत्रकात असतो.

दाराशी उभी राहते. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय,
प्रत्येकाला नावानं हाक मारा, डोळ्यांत बघा, हसू बेताचं.
ते मला मिस टी म्हणतात.
तांबवेकरमधलं तेवढंच त्यांच्या जिभेला झेपलं,
उरलेलं मी कोटाबरोबर खुंटीला टांगते.

कुणी कुठे बसायचं, यावर तीन संध्याकाळी घालवल्या
स्वयंपाकघरात, लग्नाची पंगत मांडावी तशा.
ब्रॅकनबरींच्या चुलत बहिणी मेपासून बोलत नाहीत,
त्या दोन टोकांना.
डोविदास पुढे, कारण मागे बसला
की तो लिथुआनियनमध्ये गप्प बसतो.
आणि र्‍हीस ऑल्डरिज
खिडकीपासून लांब, दारापासून लांब,
रेडिएटरपासून, डोविदासपासून लांब.
अशी जागा वर्गात एकच निघाली,
माझ्या टेबलाला चिकटून.

तीन, म्हणते मी, हात वर.
दोन.
एक.
अर्धा वर्ग शांत. उरलेला अर्धा खिडकीबाहेरच्या
उडत्या पिशवीवर पैज लावतोय.
आणि माझ्या कोपराजवळून, अगदी सावकाश,
"शून्य."
हशा.
"वजा एक. वजा दोन."

आजचा धडा ऋण संख्यांचा होता.
अजून फळ्यावर शीर्षकही नव्हतं.

शाबासकी द्यायची की ताकीद,
एवढा विचार करायला माणसाला किती वेळ लागतो?
माझा हात माझ्याआधी फळ्याकडे गेला
आणि त्याचं नाव लिहून मोकळा झाला.
पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं.
एक खूण. दुसरी खूण.
गोंदाची कांडी छताला चिकटली.
वॉकीटॉकी खरखरत मिसेस पॉकलिंग्टन आल्या,
आणि तो गेला, खुर्ची न सरकवता,
फार नीटपणे, हेच जास्त लागलं.

सव्वातीन. शिक्षा त्याला, बसायचं दोघांनी.
रिकाम्या वर्गात वाराही जरा ओशाळतो.
तो छताकडे बघतोय. तिथे नऊ कांड्या आहेत,
त्यातली एकच त्याची, असं तो म्हणतो.
मी विचारते, उगाच, शांततेला काहीतरी द्यावं म्हणून,
कुठपर्यंत मोजतोस तू खाली?

"बावीस."
बावीसच का?
"आजोबांचं कोल्ड स्टोअर, मिस. वजा बावीस.
आत गेलं की नाकातले केस कडक होतात.
वजा पंचवीस झालं तर काटा डावीकडे सरकतो,
लोक म्हणतात वाढलं.
वाढलं नाही ना. कमी झालं."

तासभर उदाहरणं देऊनही
मला हे त्या वर्गाच्या डोक्यात घालता आलं नसतं.

फॉर्म भरायचा राहिला होता.
स्क्रीनवर यादी उघडते: अडथळा, उद्धटपणा,
आज्ञाभंग, वस्तूंचा गैरवापर.
एक निवडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.
मी बाण वर-खाली करत राहिले.
तो जाकिटाची चेन वर-खाली करत राहिला.

तेवढ्यात एक कांडी छतावरून सुटली
आणि मधल्या बाकावर टक् करून पडली.
दोघांनी वर पाहिलं.
"ती माझी नव्हती," तो म्हणाला.
माहीत आहे, मी म्हटलं, आठ उरल्या.

चार वाजायला दहा कमी असताना त्याला सोडलं.
सोमवारी धडा पुन्हा तिथूनच,
फळ्यावर एक उभी रेघ, थर्मामीटरसारखी,
आणि शून्य मी बरंच वर काढणार आहे,
खाली जागा लागेल.
वारा असला तर
तेही बघू.